दोन नळ्यांचा चुकलेला संगम

पित्ताशयाचा कर्करोग म्हटला की डॉक्टर आधी खड्यांबद्दल विचारतात, आणि ते योग्यच आहे. उत्तर प्रदेश, बिहारच्या गंगाकाठच्या पट्ट्यात हा रोग फार आढळतो आणि तिथल्या बहुतेक रुग्णांच्या पित्ताशयात खडे सापडतात. पण या रोगाकडे जाणारी आणखी एक वाट आहे. तिच्यासाठी खड्याची गरज नसते. ती आईच्या पोटातच तयार होते. वैद्यकाला ती नीट उमगायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

यकृताकडून पित्त आणणारी नळी आणि स्वादुपिंडाकडून पाचकरस आणणारी नळी या दोन्ही लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडतात. त्या तोंडावरच्या उंचवट्याचं वर्णन विटेनबर्गच्या अब्राहम फाटरनं १७२० मध्ये केलं. पुढे १८८७ मध्ये इटलीतल्या पेरुजियात रुग्गेरो ओद्दी या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं तिथल्या गोल स्नायूचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा स्नायू आवळतो, सैलावतो आणि दोन्ही रस आपापल्या वेळी आतड्यात सोडतो. दोन्ही नळ्या आतड्याच्या भिंतीत, म्हणजे या स्नायूच्या ताब्यात एकत्र येतात, तोवर सगळं सुरळीत चालतं.

काही गर्भांमध्ये मात्र हा संगम भिंतीच्या बाहेर, अलीकडेच होतो. तिथून आतड्यापर्यंत एकच लांब सामायिक नळी उरते. स्नायू आवळला तरी त्याचा जोर संगमापर्यंत पोचत नाही, आणि दोन्ही रसांना एकमेकांच्या नळीत शिरायला मोकळं रान मिळतं. स्वादुपिंडाच्या नळीतला दाब सहसा जास्त असतो, त्यामुळे पाचकरस उलटा पित्तनलिकेत चढतो.

वैद्यकाची नजर आधी नेमकी दुसऱ्या दिशेला गेली होती. १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये यूजीन ओपी यांना एका शवविच्छेदनात फाटरनं वर्णिलेल्या तोंडाशी अडकलेला खडा दिसला. वाट बंद झाल्यामुळे पित्त स्वादुपिंडात शिरलं होतं. स्वादुपिंडाच्या दाहाचा हा उलगडा इतका ठसठशीत होता की पुढची कित्येक वर्षं सामायिक नळी म्हटली की पित्ताचाच उलटा प्रवास डोळ्यांपुढे येई. जपानमध्ये कोझुमी आणि कोदामा यांनी १९१६ मध्ये फुगलेल्या पित्तनलिकेच्या एका शवविच्छेदनात नळ्यांचा असा विचित्र संगम नोंदवून ठेवला, पण त्यावरून आजाराचं कारण मांडलं जायला पन्नासहून अधिक वर्षं गेली.

ते मांडलं १९६९ मध्ये, एका क्ष-किरणतज्ज्ञानं. अमेरिकेतले डोनाल्ड बॅबिट जन्मतः पित्तनलिका फुगलेल्या मुलांच्या क्ष-किरण चित्रांत दोन्ही नळ्या नेमक्या कुठे मिळतात ते पाहत होते. संगम वर सरकलेला दिसला तेव्हा त्यांनी म्हटलं की स्वादुपिंडाचा रस पित्तनलिकेत चढतो आणि तिची भिंत खराब करतो. त्याच सुमारास दुर्बीण तोंडावाटे आतड्यापर्यंत नेऊन या नळ्यांत रंगद्रव्य सोडण्याचं तंत्र आलं. १९६८ मध्ये विल्यम मॅक्यून यांनी ते अमेरिकेत प्रथम करून दाखवलं आणि जपानी डॉक्टरांनी त्यात लवकरच हातखंडा मिळवला. जिवंत माणसाच्या नळ्या आता पडद्यावर दिसू लागल्या. त्या पाहताना जपानी डॉक्टरांना वारंवार एक गोष्ट आढळली. असा संगम असलेल्या प्रौढांमध्ये पित्ताशयाचा कर्करोग फार होता.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर याचा पुरावा अगदी साधेपणानं मिळतो. सर्जन पित्ताशयातलं थोडं पित्त सिरिंजमध्ये ओढून प्रयोगशाळेत पाठवतात. निरोगी पित्तात स्वादुपिंडातलं ॲमायलेज हे पाचक विकर नगण्य असतं, इथे ते प्रचंड वाढलेलं निघतं. ॲमायलेज ही नुसती खूण. खरा घात करतो त्याच्याबरोबर आलेला फॉस्फोलायपेज. तो पित्तातल्या लेसिथिनचं लायसोलेसिथिन करतो आणि ते अस्तराच्या पेशींना जाळत राहतं. पेशी मरतात, नव्या घाईनं वाढतात, अस्तर जाड होतं आणि त्या वाढीत जनुकीय बिघाड साचत जातात. पित्ताशयात तर पित्त तासन्‌तास साठतं आणि आटून घट्ट होतं, म्हणून सर्वांत मोठा मार तिथेच बसतो.

१९८३ मध्ये जपानी डॉक्टरांनी केवळ या दोषासाठी अभ्यासगट स्थापला, निदानाचे निकष ठरवले आणि देशभरातून नोंदी गोळा केल्या. १९९० ते २००७ या काळातल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, पित्तनलिका फुगलेल्या प्रौढांपैकी २१.६ टक्क्यांना पित्तमार्गाचा कर्करोग होता. नलिका न फुगलेल्यांत हे प्रमाण ४२.४ टक्के होतं, आणि त्यांचा कर्करोग बहुतांशी पित्ताशयातच होता.

हे आकडे वाचून दोष असलेल्या माणसानं धीर सोडू नये. फुगलेली नलिका सहसा लहानपणीच पोटदुखी, कावीळ, उलट्या यांनी स्वतःची वर्दी देते. न फुगलेली गप्प राहते, त्यामुळे तसे रुग्ण पुष्कळदा कर्करोग झाल्यावरच रुग्णालयात पोचतात आणि टक्केवारी चढते. मला या साऱ्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तीच वाटते: ज्याला काहीच त्रास नाही, तोच अधिक धोक्यात.

शस्त्रक्रियेची चालही या ज्ञानानं बदलली. पूर्वी फुगलेली पित्तनलिका तशीच ठेवून आतड्याला जोडत. रुग्णाला आराम पडे, पण पाचकरस त्या पिशवीत येतच राही आणि वर्षांनंतर तिथेच गाठ उगवे. आता फुगलेली नलिका पित्ताशयासकट काढतात आणि यकृताकडची नळी थेट आतड्याला जोडतात, म्हणजे दोन्ही रस कायमचे वेगळे होतात. नलिका फुगलेली नसेल तर पित्ताशय आधीच काढून टाकतात. तेव्हा पित्तनलिकाही काढावी का, यावर सर्जनांचं एकमत नाही.

सोनोग्राफीत पित्ताशयाची आतली भिंत कारणाशिवाय जाड दिसली, तर तरुण रुग्णाच्या बाबतीतही एमआरसीपी, म्हणजे या नळ्यांची एमआरआय तपासणी, करून संगम कुठे आहे ते पाहून घ्यायला हवं. त्यात सुई नाही, दुर्बीण नाही. आणि शस्त्रक्रिया झाली तरी यकृतातल्या व स्वादुपिंडाकडच्या उरलेल्या नळीत पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.