घड्याळांची पृथ्वीप्रदक्षिणा

काळ सर्वांसाठी सारखाच चालतो, हे आपण न्यूटनप्रमाणे गृहीत धरतो. आइन्स्टाइनने १९०५मध्ये ते कागदावर नाकारले. ऑक्टोबर १९७१मध्ये हाफेले आणि कीटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते प्रत्यक्ष तपासले. चार सीझियम घड्याळे घेऊन ते साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरले, आधी पूर्वेकडून, मग पश्चिमेकडून. (घड्याळांचीही तिकिटे काढावी लागली!) वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतील घड्याळांशी ताडून पाहता पूर्वेच्या फेरीत ती सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेच्या फेरीत २७३ पुढे गेली. उंचीवर गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव कमी, म्हणून काळ जलद. वेगाने मात्र तो मंदावतो, आणि पूर्वेकडे जाताना विमानाच्या वेगात पृथ्वीच्या फिरण्याचा वेगही मिळतो. शेजारच्या आसनांवर डुलक्या घेणाऱ्या प्रवाशांचा काळही तसाच सरकत होता.