पुस्तकांमागचा मायक्रोफोन

१/ भिंतीलाही कान असतात, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आज कोल्हापुरातील काही घरांत हा कान फडताळावर उघड मांडलेला दिसतो. हाक मारली की तो गाणे लावतो, हवामान सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न नवा वाटतो; परंतु महाराष्ट्रातील दोन खटल्यांत तो वेगळ्या रूपात येऊन गेला आहे. त्याविषयी हा धागा.

२/ पहिला खटला : युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुंबई महापालिकेच्या एका लिपिकाला १०० रुपयांची लाच देऊ केल्याचा हा आरोप. लिपिकाने पोलिसांना कळविले. सापळा रचला गेला. बाहेरच्या खोलीत पुस्तकांमागे मायक्रोफोन दडविला. ध्वनिमुद्रक आणि पोलीस आतल्या खोलीत.

३/ १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही फीत पुरावा म्हणून स्वीकारली. मात्र फितीत फेरफार सहज होऊ शकतो, म्हणून मुद्रणाची वेळ, स्थळ आणि अचूकता सिद्ध व्हावी, आवाजांची ओळख पटावी, असेही बजावले. यंत्रावरचा विश्वास न्यायालयाने गृहीत धरला नाही.

४/ दुसरा खटला आर. एम. मलकानी यांचा. ते मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. १९६४ मध्ये एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा त्यांच्यावर आरोप होता. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने मध्यस्थ असलेल्या दुसऱ्या डॉक्टरच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडला.

५/ हे १८८५ च्या तार अधिनियमाचे आणि संविधानाच्या अनुच्छेद २१ चे उल्लंघन आहे, असा बचाव झाला. १९७२ च्या निकालात तो फेटाळला गेला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण.

६/ दोन्ही खटल्यांत दोघांपैकी एकाला मुद्रण ठाऊक होते. दोघांनाही ठाऊक नसेल तर? दूरध्वनी-टेहळणीच्या प्रकरणात १९९६ साली न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण खासगीपणाच्या हक्कात येते, असे ठरविले आणि अशा आदेशाचा अधिकार गृहसचिवांच्या पातळीवर ठेवून त्यावर फेरतपासणी समिती नेमण्यास सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले.

७/ आता फडताळावरचे यंत्र. ते आपल्या हाकेच्या शब्दाची वाट पाहते आणि तो ऐकला की पुढचे बोलणे कंपनीच्या संगणकांकडे पाठवते. कधी भलताच शब्द त्याला हाक वाटतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे ॲमेझॉनच्या अशा यंत्राने एका कुटुंबाचे खासगी बोलणे मुद्रित करून परिचिताला पाठविले. २०१९ मध्ये सिरीची काही ध्वनिमुद्रणे कंत्राटी कर्मचारी ऐकत असल्याचे उघड झाले. ॲपलने ते काम थांबविले आणि माफी मागितली.

८/ येथे संमती कोणाची? यंत्र सुरू करताना ज्याने 'मान्य' हे बटण दाबले, त्याची. हळदी-कुंकवाला आलेल्या काकूंना, स्वयंपाकाच्या मावशींना कोणी विचारले? तो लिपिक आणि तो डॉक्टर निदान स्वतः संभाषणात होते. येथे संमती देणारा घरातही नसेल आणि मावशी 'ते बंद करा' असे म्हणू शकतीलच, असे नाही.

९/ वैयक्तिक माहितीविषयीचा २०२३ चा कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे. परंतु व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे पाहुण्याला विचारण्याची जबाबदारी यजमानाच्या सौजन्यावर येऊन ठेपते.

१०/ १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे. मुद्रित आवाजांचे वाद आता आपल्याच शहरात चालतील. तोवर १९६७ ची कसोटी घरातही लावता येईल : वेळ कोणती, जागा कोणती, आवाज कोणाचा? त्यात चौथा प्रश्न आपण जोडावा : विचारले कोणाला? उत्तर नसेल, तर पाहुणे येण्यापूर्वी मायक्रोफोनचे बटण बंद करावे.