रायफलच्या नळीची लांबी (लांब पल्ल्याची नेमबाजी)

नळीची लांबी मोजतात ती बंद बोल्टच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंत. काडतूस बसते ती चेंबरची जागा या मापात येते. टोकावर आट्यांनी फिरवून बसवलेला मझल ब्रेक येत नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट लावायचा, सफाईचा गज टोकातून आत सोडायचा, तो बोल्टला टेकला की नळीच्या टोकाशी गजावर खूण करायची आणि बाहेर काढून पट्टी लावायची. मोजणे इतके सोपे आहे. डोकेफोड आहे ती निवडीत. ८०० ते १००० यार्डांच्या स्पर्धांत साधारण २४ ते ३२ इंचांच्या नळ्या दिसतात.

लांब नळीची बाजू वेगाची. जळत्या दारूचा वायू गोळीला नळीच्या टोकापर्यंत ढकलत राहतो, पण गोळी पुढे सरकेल तसा त्याचा दाब उतरतो. शेवटचे इंच म्हणजे चरकात दुसऱ्यांदा घातलेला ऊस: रस निघतो, पहिल्या फेरीइतका नाही. .३०८ विंचेस्टर या काडतुसात एका इंचामागे वेग सेकंदाला साधारण ६ ते ८ मीटरने वाढतो. आकडा किरकोळ वाटतो, पण १००० यार्डांवर तो निकाल फिरवू शकतो. कारण तिथवर पोहोचताना गोळीचा वेग ध्वनिवेगाकडे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरकडे, उतरत असतो आणि तो उंबरठा ओलांडताना अनेक गोळ्या डळमळतात.

पाल्मा स्पर्धेत हे नेमके दिसते. १८७६ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर सुरू झालेली ही स्पर्धा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर, दुर्बिणीशिवाय खेळली जाते. .३०८ काडतूस आणि १५५ ग्रेनची गोळी हा तिथला रूढ जोड. २४ इंची नळीतून ही गोळी सेकंदाला ८५० मीटरच्या आसपास निघते, ३० इंचीतून ९०० च्या जवळ. म्हणून पाल्माच्या रायफलींना ३० इंची नळी जवळजवळ ठरलेलीच. शिवाय नळी लांब असली की पुढची माशी डोळ्यापासून दूर जाते आणि नेम धरण्यातली चूक कमी होते. दुर्बीण लावली की हा दुसरा फायदा संपतो. तरीही एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या एफ-टीआर गटात, जिथे दुर्बीण चालते पण काडतूस .२२३ किंवा .३०८ च लागते, लांब नळ्याच पसंत केल्या जातात. वेग मिळवायला दुसरी वाट फारशी उरत नाही.

आता उलटी बाजू. एका टोकाला धरलेल्या दांड्याचा वाक लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी तीच ठेवून २४ इंचांची नळी ३० इंचांची केली, तर टोकाला तेवढ्याच जोराने ती जवळजवळ दुप्पट वाकते. जाडी वाढवणे हा उपाय आहे आणि तो प्रभावीही आहे, कारण ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. पण मग वजन आडवे येते: एफ-टीआरमध्ये दुपायीसकट रायफल ८.२५ किलोच्या आतच बसवावी लागते.

वेगाचे कौतुक करताना सातत्य मागे पडू नये. १००० यार्डांवर दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर .३०८ ची गोळी सुमारे पाव मीटर वर किंवा खाली लागते. एक-दोन इंच नळी जास्त घेऊन ही चूक भरून निघत नाही. तिथे दारू मोजून भरण्यातली काटेकोरी लागते. एकाच लांबीच्या दोन नळ्याही सारखा वेग देत नाहीत, हे अनुभवी नेमबाज जाणतात.

वजनाचे नियम आणि नळीची लांबी यांची ओढाताण जुनी आहे. सप्टेंबर १८७४ मध्ये क्रीडमूरला अमेरिका आणि आयर्लंड यांचा सामना झाला तेव्हा वजनाची मर्यादा १० पौंड होती. अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स होत्या, आयरिशांकडे तोंडाने भरायच्या रिग्बी. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकली. एका आयरिश नेमबाजाने भलत्याच लक्ष्याचा मध्य साधला, त्याचे गुण मोजले गेले नाहीत.

सगळीकडे ३० इंचांचा आग्रह मात्र चुकीचा. २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर काडतूस कमी रोध होणाऱ्या लांबट गोळ्यांसाठीच बेतलेले आहे, त्यामुळे अडथळ्यांवर टेकून, ठरलेल्या वेळात मारायच्या स्पर्धांत त्याला २४ ते २६ इंच पुरतात आणि रायफल हाताळायला सोपी राहते. .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये सावकाश जळणारी दारू भरपूर असते. तिला २६ इंच द्यावेतच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांनी गाजवलेल्या ५० मीटर प्रकारातली .२२ ची चिमूटभर दारू तर अर्ध्याअधिक नळीतच जळून जाते. तिथे पुढे आतून आटे नसलेले पोकळ नळकांडे जोडून त्यावर माशी बसवतात, म्हणजे वेगाशी संबंध न येता नेमरेषा लांबते.

नळी मागवताना एखादा इंच शिल्लक ठेवण्याची पद्धतही आहे. हजारो गोळ्यांनंतर चेंबरपुढचे, नळीच्या आतले आटे उष्णतेने झिजतात; तेव्हा मागून इंचभर कापून नवे चेंबर कोरता येते. मूळ नळी ३१ इंचांची असेल तर त्यानंतरही ३० इंच हाती राहतात.