सेवांच्या भाववाढीचे मापन, यूरोपीय संघातील
यूरोपीय संघाच्या सदस्य देशांत ग्राहकांनी सेवांसाठी दिलेल्या किंमतींतील वाढ समान नियमांनी मोजण्याची पद्धती. समाईक चलन स्वीकारू इच्छिणाऱ्या देशाची भाववाढ, किंमती सर्वाधिक स्थिर असलेल्या तीन देशांच्या भाववाढीपेक्षा १.५ टक्क्यांहून अधिक वर नसावी, अशी अट १९९२ च्या मास्ट्रिख्ट तहान्वये घालण्यात आली. परंतु देशोदेशींचे निर्देशांक तुलनीय नव्हते. म्हणून १९९५ च्या विनियमानुसार समन्वित ग्राहक किंमत निर्देशांक तयार करण्यात आला व १९९७ पासून तो प्रसिद्ध होऊ लागला. त्यात वस्तूंपेक्षा सेवांची तुलना अवघड ठरली. कारण वैद्यक व शिक्षण यांचा खर्च कोठे शासन, तर कोठे कुटुंब सोसते. २००० पासून या सेवांची व्याप्ती वाढविताना शासकीय प्रतिपूर्ती वजा जाता कुटुंबाने प्रत्यक्ष दिलेली रक्कम हीच किंमत मानण्यात आली. घरभाडे निर्देशांकात येते. मालकीच्या घराची खरेदी मात्र त्याबाहेर राहिली. मालकीच्या घराचा खर्च अंतर्भूत करण्याची शिफारस यूरोपीय मध्यवर्ती बँकेने २०२१ मध्ये केली. असे नियम केवळ तांत्रिक नसतात. २००६ मध्ये लिथुएनियाची भाववाढ २.७ टक्के, तर मर्यादा २.६ टक्के होती. एवढ्या फरकाने नाकारला गेलेला यूरो चलनातील प्रवेश त्या देशास २०१५ मध्ये मिळाला.