महावंसातील 'दीड माणूस' आणि राज्यसंस्था

'महावंस' हा पालि इतिहासग्रंथ महानाम थेरांनी इ. स. 5व्या-6व्या शतकाच्या सुमारास रचला. अभ्यासकांवर त्या परंपरेचे ऋण मोठे आहे. शिलालेखांतील 'पियदसि' म्हणजेच सम्राट अशोक, हे 1837 साली उलगडले ते सिंहलद्वीपाच्या पालि वंसग्रंथांमुळेच. परंतु असा ग्रंथ शब्दशः प्रमाण मानून राज्य चालवू पाहिले तर काय होते, तेही त्याच द्वीपाने अनुभवले आहे.

ग्रंथाच्या 25व्या परिच्छेदात दुट्ठगामणी राजाने दमिळ राजा एळाराचा पराभव केल्याची कथा येते. युद्धातील संहाराने विजयी राजा खिन्न होतो. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात, की या युद्धात वस्तुतः दीडच माणूस मारला गेला. त्रिसरण घेतलेला तो अर्धा, पंचशीलही घेतलेला तो पूर्ण, बाकीचे पशुवत.

विसाव्या शतकात श्रीलंकेच्या राजकारणात दुट्ठगामणी हा आदर्श ठरला आणि हे द्वीप धम्मासाठीच राखलेले आहे, ही वंसकथा राजकीय हक्काचा पुरावा ठरली. 1956 मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. तमिळांना काही प्रादेशिक अधिकार देणारा 1957 चा बंडारनायके-चेल्वनायकम करार भिक्खूंच्या आंदोलनानंतर 1958 मध्ये रद्द झाला. 1983 ते 2009 या काळात यादवी युद्ध पेटले. भाषा, जमीन, विद्यापीठप्रवेश अशी त्याची कारणे अनेक होती. सर्व दोष एका ग्रंथावर टाकणे अनैतिहासिक होईल. तथापि तडजोडीची वाट अरुंद करण्यात या वाचनाचा वाटा होता, असे आम्हांस वाटते. 2017 मध्ये म्यानमारमधील एका ज्येष्ठ भिक्खूंनी लष्करी अधिकाऱ्यांपुढे हीच कथा सांगितली, हेही विसरता येत नाही.

या वाचनात दोष कोणता? पहिला दोष असा की ते निवडक आहे. त्याच महावंसात एळार हा शत्रुमित्रांना समान न्याय देणारा राजा म्हणून गौरविला आहे आणि दुट्ठगामणीनेच त्याच्या स्मारकास मान देण्याची आज्ञा केली आहे. दुसरा दोष, अर्हतांचा हा प्रसंग अधिक प्राचीन 'दीपवंसा'त नाही. तिपिटकात तर नाहीच. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांनुसार कोणतेही वचन सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे लागते. हत्येचे समर्थन या कसोटीवर टिकत नाही. तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. अर्थ उलगडून घ्यावयाचे 'नेय्यत्थ' सुत्त हे 'नीतत्थ' म्हणून सांगणारा तथागतांवर मिथ्या आरोप करतो, असे अंगुत्तर निकाय बजावतो.

हा नियम आपल्याला प्रिय असलेल्या सुत्तांनाही लागू आहे. कूटदन्त सुत्तात चोरी थांबविण्यासाठी शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व राजसेवकास वेतन देण्याचा सल्ला आहे. तो शब्दशः कायद्यात उतरविला तर भूमिहीन मजूर त्यात बसतच नाही. घ्यावयाचे ते सुत्तातील तत्त्व: दंडापूर्वी उपजीविका.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 मध्ये प्रकाशित ग्रंथात बुद्धवचन पारखण्यासाठी विवेक आणि मानवी कल्याण या कसोट्या सांगितल्या. राज्य तर सर्वांचे असते. त्रिसरण न घेतलेल्यांचेही. ज्या राज्यात माणसाची गणना दीडावर थांबते, तेथे धम्माचे नाव असेल, धम्म नसेल.