घ्राणेंद्रियाचा शोध

नाकाचें काम वास घेणें, एवढें लहान मुलालाहि ठाऊक असतें. परंतु तो वास नाकांत नेमका कोठें घेतला जातो, या प्रश्नाचें खरें उत्तर हातीं येण्यास शेंकडों वर्षें लागलीं. इकडे नैयायिकांनीं घ्राणेंद्रियाचें स्थान नाकाच्या अग्रीं मानिलें, आणि अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह पढणारा विद्यार्थी तें तसेंच पाठ करीत आला. तिकडे दुसऱ्या शतकांत रोममधील वैद्यराज गेलेन यानें तें इंद्रिय उचलून थेट मेंदूच्या पुढील पोकळींत नेऊन बसविलें. खरें स्थान या दोहोंच्या मध्यें होतें.

गेलेनची कल्पना अगदींच वेडगळ होती असें नव्हे. नाकाच्या छताशीं, दोन डोळ्यांच्या मधोमध, एक पातळ हाड आहे. त्याला चाळणीसारखीं बारीक भोकें असतात. एकेका बाजूस सुमारें वीस. कवटी उघडून पाहणाऱ्यास हीं भोकें दिसलीं म्हणजे तीं कशासाठीं असावींत, हा प्रश्न पडणारच. गेलेननें ठरविलें कीं, या चाळणींतून वास वर मेंदूंत चढतो आणि मेंदूंतील मळ कफरूपानें खालीं उतरतो. म्हणजे पडसें हा नाकाचा रोगच नव्हे. नाक ही केवळ मेंदूची मोरी! ही समजूत थोडीथोडकी नव्हे, सुमारें पंधराशें वर्षें टिकली, आणि मस्तक मोकळें करण्यासाठीं रोग्यांस शिंका आणणारीं चूर्णें हुंगविण्यांत आलीं.

तिचा पाया उखडला तो जर्मनींतील विटेनबर्ग येथील प्राध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर यानें. १६५५ सालीं त्यानें या चाळणीच्या हाडावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १६६० पासून पुढें पडशावर खंडामागून खंड प्रसिद्ध केले. पडशासारख्या क्षुद्र विकारावर एवढी शाई खर्च झालेली पाहून आज हसूं येईल. पण पंधरा शतकांचा गैरसमज एका पुस्तिकेनें हटत नसतो. श्नायडरचें म्हणणें असें कीं, हाडाचीं भोकें मोकळीं दिसतात तीं वाळलेल्या कवटींत. शरीरांत तीं मज्जातंतूंनीं व पडद्यांनीं बुजलेलीं असतात. त्यांतून कफ गळणें शक्य नाहीं. तो कफ नाकाच्या ओलसर अस्तरांतच उत्पन्न होतो. इंग्लंडांत रिचर्ड लोअर यानेंहि पुढें थोड्याच वर्षांनीं तोच निष्कर्ष काढला.

अस्तराच्या कोणत्या भागाला वास कळतो, हें मात्र सूक्ष्मदर्शकाखेरीज उलगडणारें नव्हतें. १८५६ त माक्स शुल्त्से यानें नाकाच्या छताशीं, टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेंत, दोन जातींच्या पेशी दाखविल्या: एक वास ओळखणाऱ्या गंधपेशी, आणि दुसऱ्या त्यांना सांवरून धरणाऱ्या आधारपेशी. ही जोडी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गंधपेशी ही खरोखर मज्जापेशीच. तिचें एक टोंक नाकांतील हवेशीं उघडें, तर दुसऱ्या टोंकाचा तंतु चाळणींतून वर जाऊन मेंदूखालच्या गंधकंदास मिळतो. गॉल्जी व काहाल यांनीं ही वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेखाटली. १९९१ त लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं गंध ओळखणाऱ्या जनुकांचें मोठें कुल शोधून काढलें आणि २००४ चें नोबेल पारितोषिक मिळविलें.

एवढें ज्ञान जमत असतांही गंधाला मान मिळाला नाहीं. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रोका यानें मनुष्याचा गंधकंद मेंदूच्या मानानें लहान, म्हणून मनुष्य गंधाच्या बाबतींत दरिद्री, असें प्रतिपादिलें, आणि तें मत शंभराहून अधिक वर्षें पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिलें. दृष्टि गेली तो आंधळा, श्रवण गेलें तो बहिरा. वास गेलेल्यास मात्र रोजच्या मराठींत शब्दहि नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अपीनस या नासारोगाचें लक्षण सांगतांना गंध व रस दोन्ही कळेनासे होतात असें म्हटलें आहे. जिभेचा व नाकाचा हा संबंध त्या ग्रंथकारानें अचूक हेरला होता. परंतु तापपडशानंतर वास कायमचा गेल्याची तक्रार करणाऱ्या रोग्याला पुष्कळदां एवढेंच ऐकावें लागे कीं, जीव वांचला हें काय थोडें झालें? फोडणी करपली तरी कळत नाहीं, नासलेलें दूध कळत नाहीं, गॅस गळला तरी कळत नाहीं, हें दुःख किरकोळांत जमा होई.

२०२० च्या मार्चमध्यें ब्रिटनमधील नाक-कान-घसा तज्ज्ञांनीं इशारा दिला कीं, इतर लक्षण नसतांनाहि एकाएकीं वास जाणें ही कोविड-१९ ची खूण असूं शकेल. भारत सरकारनें त्याच वर्षीं जूनमध्यें हें लक्षण आपल्या यादींत घातलें. यांतील पुष्कळांचें नाक चोंदलेलें नसे. हवा सुखानें आंत जाई, पण वास येत नसे. त्याच जुलैंत हार्वर्ड येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, विषाणु ज्या प्रथिनाला धरून पेशींत शिरतो, तें गंधपेशींत नसून आधारपेशींत असतें. शुल्त्सेनें दाखविलेली ती दुय्यम जोडीदारीण येथें पुढें आली. घराचे खांब पडावे आणि माणसें बेघर व्हावीं, तशी गंधपेशींची गत होते.

दिलासा एवढाच कीं, गंधपेशी जन्मभर नव्यानें उगवत असतात. त्यांना आपला तंतु पुन्हां गंधकंदांतील योग्य ठिकाणीं पोंचवावा लागतो, आणि ही जुळणी चुकते तेव्हां कॉफी किंवा कांदा जळक्या घाणीसारखा भासूं लागतो, असें मानतात. ड्रेस्डेन येथील थॉमस हुम्मेल यांनीं २००९ सालीं गुलाब, लिंबू, निलगिरी व लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगविण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानें कांहींना गुण येतो, कांहींना येत नाहीं. पुष्कळांचा वास कांहीं आठवड्यांत परतला. कांहींजण मात्र वर्षें लोटलीं तरी लवंगेची कुपी नाकाशीं धरून बसतात.