वायनाड : हातात होते 16 तास

रविवार, 28 जुलै 2024. केरळमधल्या वायनाडच्या मेप्पाडी पंचायतीत पावसाला खळ नव्हता. कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर या संस्थेने जिल्हाभर दोनशेहून अधिक पर्जन्यमापक बसवले आहेत. नोंदी घेतात ती तिथलीच माणसं, त्यांत शेतकरीही. पुथुमलाच्या मापकात त्या दिवशी 200 मिलिमीटर पाऊस भरला.

सोमवार, 29 जुलै, सकाळी 9 च्या सुमारास. रात्रीतून आणखी 130 मिलिमीटर. एकूण पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास गेला की हे उतार सुटू शकतात, हा संस्थेचा अनुभव. तिने जिल्हा प्रशासनाला कळवलं : मुंडक्कई भागात दरड कोसळण्याचा धोका आहे.

2020 मध्ये याच मुंडक्कईबद्दल याच संस्थेने असाच इशारा दिला होता. तेव्हा लोकांना आधीच हलवलं. दरड आली, माणसं वाचली. म्हणजे काय करायचं हे ठाऊक होतं, आणि ते करून झालेलंही होतं.

दुपार. हवामान विभागाचा नारिंगी इशारा कायम : 24 तासांत 115 ते 204 मिलिमीटर. इशारा अख्ख्या जिल्ह्याला होता. पाणी एका डोंगरात मुरत होतं.

संध्याकाळ. वरच्या वस्तीतली काही कुटुंबं हलली. खालचं चूरलमला सुरक्षित मानलं गेलं. 2019 मध्ये 17 जणांचा बळी गेला ते पुथुमला इथून जवळच.

रात्र. पुथुमलात सोमवारचा पाऊस 372 मिलिमीटर. दोन दिवसांचा 572.

मंगळवार, 30 जुलै, रात्री 1 च्या सुमारास. सुमारे 1,550 मीटर उंचीवर डोंगर सुटला. अंधारात मदतीसाठी फोन सुरू झाले.

पहाटे 4 नंतर. दुसरा लोंढा. चूरलमलाचा पूल वाहून गेला, मुंडक्कई तुटलं. वेल्लारमलाची शाळा उद्ध्वस्त झाली. मलबा सुमारे 8 किलोमीटर वाहत गेला.

सकाळी 6. हवामान विभागाचा लाल इशारा.

गुरुवार, 1 ऑगस्ट. लष्कराचा 190 फुटी बेली पूल उभा राहिला. या कामात पुढे होत्या पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके. मृतांचा आकडा पुढे अडीचशेच्या वर गेला.

पाऊस मोजणारी माणसं वस्त्यांतली होती. वस्ती उठवायची की नाही, हा निर्णय मात्र कार्यालयात होता. महाराष्ट्रातही माळीणमध्ये 2014 साली दरडीखाली 151 माणसं गेली, 2023 मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली. सह्याद्रीच्या उतारावरच्या प्रत्येक वाडीने आपला पर्जन्यमापक लावावा. कोणत्या आकड्याला घरं सोडायची, कोणी दारं ठोठावायची, म्हाताऱ्यांना कोणी उचलायचं, हे ग्रामसभेत नावानिशी ठरवा, आणि मृगाच्या आधी ठरवा.